बिनपगारी जनरल मॅनेजर

न्यूअर्क विमानतळावर आमचे व्याही आम्हाला घ्यायला आले होते. २०२४ सालचा डिसेंबर, नऊ तारीख. प्रवासानं आमची दोघांची तोंडं शिळ्या भाकरीसारखी झालेली. नमस्कार-चमत्कार झाले, बॅगा डिकीत गेल्या, पट्टे लागले, आणि व्याह्यांनी मागं वळून अगदी घरगुती सुरात सांगितलं, "सोटो आपल्याकडे आला. काल रात्री."

"अरे वा!" मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

सौ. माझ्या कानाशी लागली. "कुत्रा घेतला वाटतं."

"केवढ्याला पडला?" मी विचारलं.

"साडेशहात्तर कोटी."

"रुपये?"

"डॉलर! पंधरा वर्षांचा करार. आणि त्यात एक पैशाची उधारी नाही."

घर येईपर्यंत सौ. एक शब्द बोलली नाही.

हुआन सोटो हा बेसबॉलपटू. तोवर न्यूयॉर्क यांकीजकडे होता, तिथून त्याच शहरातल्या मेट्सकडे आला. व्याह्यांच्या 'आपल्याकडे'चा अर्थ मेट्स. ह्या संघात व्याह्यांचा एक डॉलरचाही हिस्सा नाही. मालक स्टीव्ह कोहेन. २०२० साली त्यांनी संघ विकत घेतला, तेव्हापासून व्याही त्यांचा पैसा अत्यंत सढळ हातानं खर्च करत आहेत.

मी आजवर पाहिलेल्या क्रिकेटवेड्यांना सामना लागतो. आमच्या व्याह्यांना सामना नसला की बरं वाटतं. हंगामात प्रत्येक संघाचे १६२ सामने होतात. त्यांतला एक आम्ही आधीच्या फेरीत त्यांच्याबरोबर पाहिला होता, आणि पाचव्या इनिंगला व्याही घोरत होते. खरे जागे होतात ते नोव्हेंबरात, शेवटचा सामना संपला की. मग फेब्रुवारीत सराव सुरू होईपर्यंत कोणता खेळाडू कुठं जाणार, कुणाला किती मिळणार, कुणाच्या बदल्यात कोण, एवढंच. ह्याला तिकडं 'हॉट स्टोव्ह लीग' म्हणतात. जुन्या काळी थंडीत गावकरी दुकानातल्या शेगडीभोवती बसून ह्या गप्पा मारत, त्यावरून. आपल्याकडे शेकोटीभोवती भुतं निघतात, तिकडं पिचर निघतात.

व्याही दादरहून अमेरिकेत आले १९८६ साली. पहिलं बिऱ्हाड क्वीन्समध्ये. दर मंगळवारी सात नंबरच्या लोकलनं फ्लशिंगच्या गणपतीला जायचे. गणपतीचं स्टेशन शेवटचं, त्याच्या अलीकडचं मेट्सच्या शे स्टेडियमचं. एका मंगळवारी परतताना गर्दीच्या रेट्यात अलीकडेच उतरले ते थेट स्टेडियमच्या दाराशी. त्याच ऑक्टोबरात मेट्सनी वर्ल्ड सीरिज जिंकली. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी मटका लागावा तसं झालं. त्यानंतर आजतागायत मेट्सनी ती जिंकलेली नाही.

पण त्यांचं दुःख १९८६च्याही मागं जातं. १५ जून १९७७ला मेट्सनी टॉम सीव्हर हा आपला सर्वांत थोर पिचर पगारावरून बिनसल्यामुळं सिनसिनाटीला देऊन टाकला. हे सांगताना व्याह्यांचा आवाज अजून कापतो.

"पण तेव्हा तुम्ही दादरला होता ना?" मी विचारलं.

"व्याहीबुवा, पानिपतावर आपल्यातलं कोण होतं?"

ह्यावर बोलता येत नाही. फ्लशिंगच्या देवळात गणपतीची प्रतिष्ठापना झाली त्याच वर्षी, ४ जुलैला. म्हणजे सीव्हर गेल्यावर एकोणीस दिवसांनी. विघ्नहर्ता एकोणीस दिवस उशिरा आला ही गोष्ट व्याह्यांनी मनावर घेतलेली दिसते. कारण त्या देवळात नमस्कार करताना त्यांच्या चेहऱ्यावर भक्तीपेक्षा थकलेल्या येण्याची आठवण जास्त असते.

माणूस देऊन माणूस घेण्याला तिकडं ट्रेड म्हणतात, आपल्या गावाकडं साटंलोटं म्हणायचे. मेट्सच्या साट्यालोट्यांची व्याह्यांना मुखोद्गत असलेली यादी ऐकली की तो संघ अजून उभा कसा, असा प्रश्न पडतो. १९७१ साली नोलन रायनसकट चार जण देऊन त्यांनी जिम फ्रेगोसी आणला. रायननं पुढं सात सामन्यांत समोरच्यांना एकही हिट मारू दिली नाही. फ्रेगोसी दीड हंगामात गेला. १९६२ साली, संघाच्या पहिल्याच वर्षी, क्लीव्हलँडकडून हॅरी चिटी नावाचा कॅचर घेतला. बदल्यात कोण द्यायचा ते मागाहून ठरवू, असं बोलणं झालं. दोन महिन्यांच्या आत ठरलं: हॅरी चिटी. गडी स्वतःच्याच बदल्यात परत गेला. सून आणायची आणि साट्यात तीच सून माहेरी धाडायची, त्यातला प्रकार. हे उदाहरण मी व्याह्यांपुढं दिलं नाही.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळं मला ह्या सगळ्यात ओळखीची एकच गोष्ट सापडली. बदली. जोएल यंगब्लड नावाच्या मेट्सच्या खेळाडूनं ४ ऑगस्ट १९८२ला दुपारी शिकागोत हिट मारली, सामना चालू असतानाच त्याची मॉन्ट्रियलच्या संघात बदली झाली, तो विमानानं फिलाडेल्फियाला पोचला आणि रात्री नव्या संघासाठी दुसरी हिट मारली. जॉइनिंग टाइम नाही, काही नाही. आणि २०१५च्या जुलैत विल्मर फ्लोरेस. सोळाव्या वर्षापासून मेट्सकडे असलेला पोरगा. चालू सामन्यात प्रेक्षकांच्या फोनवर बातमी आली की ह्याला मिलवॉकीला दिला. ती त्याच्या कानावर गेली आणि तो मैदानातच बाहीनं डोळे पुसत खेळत राहिला. ट्रेड फिसकटला, फ्लोरेस राहिला, आणि दोनच दिवसांनी बाराव्या इनिंगमध्ये होमरन मारून त्यानं सामना जिंकून दिला. व्याही हे सांगून खदाखदा हसले. मला हसू आलं नाही. गडचिरोलीची ऑर्डर हातात पडली त्या दिवशी मी कॅश काऊंटरवर होतो आणि शंभराच्या बंडलात एकशेतीन नोटा मोजल्या होत्या. माझी बदली रद्द झाली नाही.

म्हणूनच असेल, मला त्यांच्या सगळ्या गोष्टींतला एकच माणूस मनापासून आवडला, कर्ट फ्लड. पूर्वी खेळाडूवर संघाची मालकीच असे. सांगतील तिथं जायचं, नाहीतर खेळ सोडायचा. १९६९ साली सेंट लुईसनं फ्लडला फिलाडेल्फियाला दिलं, तर तो म्हणाला जात नाही. कोर्टात गेला. १९७२ साली सुप्रीम कोर्टात हरला, तोवर खेळही संपला होता. पण १९७५च्या डिसेंबरात दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणात लवादानं निकाल उलटा दिला आणि दार उघडलं. आता सहा वर्षांची नोकरी भरली की खेळाडू मोकळा, फ्री एजंट. मी जन्माचा युनियनवाला. म्हणालो, ह्या माणसाचा फोटो आमच्या युनियनच्या ऑफिसात लावायला हवा होता.

"लावा की," व्याही कडवटपणे म्हणाले. "पण पगार भडकले ते तेव्हापासून." जणू ते त्यांच्या पेन्शनमधून कापले जात होते.

पैशाच्या बाबतीत व्याही दोन आहेत. एक व्याही कोथिंबिरीची जुडी चार वेळा उलटीपालटी करून परत ठेवतात आणि टोल वाचवण्यासाठी वीस मिनिटांचा वळसा घालतात. दुसरे व्याही डाव्या हातानं टाकणाऱ्या पिचरला तीन वर्षांचे सहा कोटी 'देऊन टाकावेत' म्हणतात. संघातल्या सव्वीसच्या सव्वीस जणांचा पगार त्यांना पाठ आहे. स्वतःच्या मुलाचा त्यांनी कधी विचारला नाही, अमेरिकेत ते असभ्य समजतात म्हणे. माझी मुलगी त्यांच्या मुलापेक्षा जास्त मिळवते, हे मीही सांगितलेलं नाही.

एकदा त्यांनी मला बॉबी बॉनिला समजावून सांगितला, आणि मला प्रथमच त्या खेळाविषयी आदर वाटला. मेट्सना २००० साली हा खेळाडू नको होता, पण कराराचे ५९ लाख डॉलर देणं होतं. त्याच्या एजंटनं सुचवलं, आता देऊ नका, २०११पासून २५ वर्षं हप्त्यानं द्या, ८ टक्के व्याजानं. तेव्हाच्या मालकांचा पैसा बर्नी मेडॉफकडे होता, तिथं ह्याहून जास्त सुटेल अशी त्यांची खात्री. मेडॉफ पुढं महाठग निघाला, ते जगाला ठाऊक आहे. बॉनिलाला मात्र दर १ जुलैला ११,९३,२४८ डॉलर आणि २० सेंट मिळतात, २०३५पर्यंत मिळणार. तो मेट्सकडून शेवटचा खेळला १९९९ साली. मी कागद घेऊन मांडून पाहिलं. ५९ लाखांचे ११ वर्षांत चक्रवाढीनं १ कोटी ३७ लाखांवर होतात, त्याचा २५ वर्षांचा हप्ता बरोबर तेवढाच येतो. एक सेंट इकडं तिकडं नाही. एवढी चोख वार्षिकी मी चाकरीत पाहिली नव्हती. उलट डॉजर्सचा ओतानी. २०२३ साली ७० कोटींचा करार, त्यातले ६८ कोटी २०३४ ते २०४३ ह्या काळात मिळणार, आणि तेही बिनव्याजी. मी दोनदा विचारलं, बिनव्याजी? त्या रात्री मला झोप लागली नाही.

दर शनिवारी सकाळी डोनटच्या दुकानात ह्या मंडळींची बैठक. व्याही, एक गुजराती केमिस्ट आणि बस चालवून निवृत्त झालेले एक पोर्तोरिकन आजोबा. केमिस्ट यांकीजचे. आजोबा मेट्सचेच, पण कायमच्या सुतकातले. कुणीही आला तरी "गुडघा जाईल त्याचा" एवढं म्हणून कॉफीत डोनट बुडवतात. त्या शनिवारी सोटोवरून रणकंदन झालं.

"पैशासाठी गेला," केमिस्ट म्हणाले.

"तुम्ही काय त्याला प्रसाद देत होता?" व्याही कडाडले. "शहात्तर कोटी देऊ केलेच होते ना? सोळा वर्षांचे?"

"मग पन्नास लाखांसाठी घर सोडतं का कुणी?"

"वर्षाला पाच कोटी दहा लाख. करार संपेल तेव्हा तो एक्केचाळिशीचा. चाळिशीतल्या माणसाचं काय करणार तुम्ही, लोणचं?"

शेवटचं वाक्य केमिस्टांचं होतं की व्याह्यांचं, ते आता आठवत नाही. अर्ध्या तासात दोघांनीही एकमेकांच्या बाजू घेऊन पाहिल्या होत्या. मग सूटचा विषय निघाला. बातम्या अशा होत्या की सोटोच्या कुटुंबाला सामने पाहण्यासाठी स्टेडियममध्ये खास कक्ष हवा होता. यांकीज म्हणाले, आमच्या कप्तानालाही तो पैसे भरूनच मिळतो. मेट्सनी फुकट दिला. मी घरी येऊन हे सौ.ला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"म्हणजे देणंघेणं ठरलं होतं," ती म्हणाली, "आणि वरमाईला नीट खोली दिली नाही."

"तसंच काहीसं."

"मग बरोबर केलं त्यानं." बेसबॉल तिला तिथं समजला. त्यापुढं कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

जानेवारीत घरातली फर्नेस धापा टाकू लागली. पहाटे दातावर दात वाजायचे. विहीणबाई दोन महिने नवीन घेऊ म्हणत होत्या. दुरुस्तीवाला येऊन गेला, म्हणाला, तीस वर्षं झाली, आता हिला निवृत्त करा. व्याह्यांनी कोट चढवून तळघरात जाऊन तिची पाहणी केली आणि निर्णय दिला. "अनुभवी आहे. एक हंगाम काढेल. एक वर्षाचा करार."

"ह्यांना पंधरा-पंधरा वर्षांचे करार सुचतात," विहीणबाई स्वेटरवर शाल घेत म्हणाल्या, "फक्त ह्या घरात काही आणायचं म्हटलं की बाजार वाईट असतो." त्या वेळी व्याही फोनवर केमिस्टांना सांगत होते की पिचिंगमध्ये कंजुषी करणाऱ्या मालकाला संघ बाळगायचा हक्कच नाही. त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती.

मार्चमध्ये आम्ही पुण्याला परतलो. सोटोनं २०२५च्या हंगामात ४३ होमरन मारले. मेट्स जूनच्या मध्याला सगळ्यांच्या पुढं होते. २८ सप्टेंबरला, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, मायामीत हरले आणि प्लेऑफच्या बाहेर पडले. दसऱ्याला फोन केला तर व्याही दोन-तीन वाक्यांवर बोलले नाहीत. म्हणाले, थंडी पडू दे.

थंडी पडली, डिसेंबरात फोन आला. आवाज टवटवीत. "व्याहीबुवा, घात झाला. आपला एडविन डियाझ डॉजर्सकडे गेला, आणि दुसऱ्याच दिवशी पीट अलोन्सो बाल्टिमोरला. पाच वर्षं, साडेपंधरा कोटी!"

"फर्स्ट बेसमन, तिशी उलटलेली," मी म्हणालो. "पाच वर्षं जास्तच होतात. आपण तीनच्या वर जायला नको होतं."

पलीकडं क्षणभर शांतता. इकडं सौ. हातातलं लाटणं तसंच धरून माझ्याकडे बघत राहिली.

फर्नेसचं विचारलं, तर कळलं की नवी बसली. विहीणबाई एकट्याच दुकानात जाऊन परस्पर ठरवून आल्या, रोख पैसे देऊन. किती, ते त्यांनी अजून व्याह्यांना सांगितलेलं नाही.