पंचावन्न टक्के हातवारे

गेल्या महिन्यात कंपनीने माझा विकास केला. एका दिवसात, लोणावळ्याच्या रिसॉर्टमध्ये, नाश्त्यापासून संध्याकाळच्या चहापर्यंत. मार्च तोंडावर आला होता, ट्रेनिंगचे मॅनडेज भरायचे राहिले होते, आणि विकास मोजायचा तो माणशी दिवसांतच, अशी आमच्याकडे रीत आहे.

विकास करणारे गृहस्थ दोन वर्षांपूर्वीपर्यंत पाण्याचे फिल्टर विकत. हे त्यांनीच अभिमानाने सांगितलं. मधल्या एका शनिवार-रविवारात ते ‘मास्टर कोच’ झाले होते. त्यांनी आधी आम्हाला टाळ्या वाजवायला लावल्या, मग शेजाऱ्याचे खांदे दाबायला. माझ्या शेजारी स्टोअर्समधले काका होते. निवृत्तीला चार महिने उरलेल्या त्या माणसाचे खांदे मी नेतृत्वगुण वाढावेत म्हणून दाबले.

मग स्लाइड आली : संवादात शब्द फक्त 7 टक्के, आवाज 38, देहबोली 55. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या प्रयोगांतले. सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवून आणि चेहऱ्यांचे फोटो दाखवून त्यांनी एवढंच तपासलं होतं, की बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड. सगळ्या बोलण्याला हे गणित लावू नका, असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. तसं लागू असतं तर बॉयलरवर धोक्याची पाटी कशाला लावली असती? चिडक्या चेहऱ्याचा एक माणूस उभा केला की भागलं असतं.

पाठोपाठ ‘वाचलेलं दहा टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं वीस’ हा त्रिकोण आला. एडगर डेल यांनी 1946 मध्ये तो शंकू काढला तेव्हा त्यात एकही टक्का नव्हता. मिसळीवर फरसाण टाकावं तसे टक्के नंतर कुणीतरी टाकले. मी हात वर केला. सरांनी माझा प्रश्न हसतमुखाने ‘पार्किंग लॉट’ लिहिलेल्या फ्लिपचार्टवर चिकटवला. तो अजून तिथेच उभा असेल.

तेवढ्यात वीज गेली. वायरमन आला. त्याने बोर्डाला हात लावण्याआधी आमच्या एचआरच्या मॅडमनी त्याला लायसन्स विचारलं. सेफ्टीचा नियम! त्याने खिशातून काढून दाखवलं. शेजारी उभ्या असलेल्या सरांनी मोबाइलची बॅटरी धरून त्याला उजेड दाखवला.

बरं, या विकासाच्या धंद्याला नियमच नाहीत असं नाही. अमेरिकेतल्या अकॅडमी ऑफ ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंटने 1999 मध्ये नीतिनियम छापले. आपल्या कुवतीबाहेरचं काम घेऊ नये, आपल्याविषयी खोटं सांगू नये, असल्या साध्या गोष्टी. आपल्याकडे उदय पारीक आणि टी. व्ही. राव या प्राध्यापकांनी सत्तरच्या दशकात लार्सन अँड टुब्रोत या कामाचा पाया घातला, तो अप्रेझलची पद्धत तपासता तपासता. खांदे दाबल्याचा उल्लेख माझ्या तरी वाचनात नाही.

शेवटी फीडबॅक फॉर्म. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्येच प्रशिक्षण जोखायच्या चार पायऱ्या सांगितल्या : आवडलं का, शिकलात का, वागणं बदललं का, कामात फरक पडला का. आमचा फॉर्म पहिल्या पायरीवरच बसकण मारून होता. हॉल, एसी, जेवण, ट्रेनर. चौघांची मिळून सरासरी. गुलाबजाम खरोखरच उत्तम होते, मी पाचपैकी पाच दिले. कार्यक्रम ‘एक्सलंट’ ठरला.

सोमवारी मॅडमनी बोलावून घेतलं. पार्किंग लॉटबद्दल बोलणी बसणार, अशी मनाची तयारी करून गेलो. त्या म्हणाल्या, ‘‘तुमचं वाचन बरंच दिसतंय. पुढची बॅच तुम्हीच घ्या ना! सरांची फी वाचेल.’’

मी यापूर्वी कधी कुणाला शिकवलंय का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. जेवणाचा कंत्राटदार तोच आहे ना, तेवढं मात्र विचारून घेतलं.