गावची हवा, मुंबईचा पत्ता

गावावर प्रेम करावं ते मुंबईत राहूनच. डोंबिवलीच्या दीड खोलीत बसून “आमच्याकडे नुसतं आवारच बारा गुंठ्यांचं आहे” असं सांगताना जसा कंठ दाटून येतो, तसा त्या आवारात राहणाऱ्याचा कधी दाटत नाही. त्याला माकडं हाकायची असतात.

२००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. एकट्या रत्नागिरीत ऐंशी हजारांवर माणसं कमी भरली. त्याच दशकात ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी फुगला. दारात हापूस, समोर समुद्र, तरी माणूस दिव्याला लोकलच्या दारात लोंबकळायला का जातो? विद्वान म्हणतात, रोजगार नाही. आमचं निदान त्याहून साधं आहे. गावात प्रत्येक गोष्ट एकच असते.

एसटी एकच. सकाळची चुकली की तालुक्याचं काम उद्यावर. डॉक्टर एकच, तोही रजेवर. शेजारी एकच, आणि त्याच्याशी बांधावरून आजोबांच्या वेळचा दावा. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, पण तोही चार महिन्यांत कोसळून जांभ्यातून समुद्राला मिळतो. मे महिन्यात वाडीवर टँकरची वाट. मुंबईत लोकल चुकली तर चार मिनिटांत दुसरी. मालकाशी वाजलं तर पलीकडच्या गाळ्यात दुसरा मालक. तोही तसाच निघाला तर तिसरा.

गुरुजी आणि ग्रामसेवकांनी मुख्यालयी राहावं, असा सरकारचा नियम. त्यासाठी घरभाडे भत्ता. पुरावा म्हणून ग्रामसभेचा ठराव. ठराव एकमताने होतो, भत्ता वेळेवर येतो आणि संध्याकाळी मोटारसायकल तालुक्याच्या दिशेने जाते. पैसे घेऊन जिथे कोणी राहत नाही, तिथे इतरांनी निव्वळ हवेवर राहावं, ही अपेक्षा थोर आहे.

बरं, मुंबई तरी कुणाला मांडीवर घेते? त्याच दशकात मुंबई शहर जिल्ह्याचीही लोकसंख्या घटलीच. गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, टॉवर आले. पण गिरणगावातून उठलेला माणूस विरारला गेला, बदलापूरला गेला. गुहागरला गेला नाही. गुहागरला तो गणपतीला जातो, पाच दिवस हवेची तारीफ करतो, आणि परतीचं आरक्षण निघण्याआधीच खिशात ठेवतो.

तरीही दादरच्या वातानुकूलित सभागृहात ‘गावाकडे चला’ हा परिसंवाद दरवर्षी रंगतो. वक्त्यांना विचारावं, आपण कधी निघताय? तर मुलाचं कॉलेज आडवं येतं, आईचा मोतीबिंदू आडवा येतो. आम्ही मात्र आडवे येणार नाही. आमचं म्हणणं एवढंच: साहेब, आपण पुढे व्हा, आम्ही मागच्या गाडीने येतो. मागे गाडी नाही, हे तिथे उतरल्यावर कळेलच.