आमचं नाव पडद्यावर

रामायणाचा पहिला भाग मी पाहिला नाही, दाखवला. २५ जानेवारी १९८७, रविवारची सकाळ. कर्जतला मामाच्या घरात अख्खी आळी टीव्हीपुढे आणि मी कौलांवर, अँटेना धरून. मुंबई आणि मामा यांच्यामध्ये माथेरान-इर्शाळची डोंगररांग आडवी, त्यामुळे आमच्याकडे देवसुद्धा मुंग्यांतूनच प्रकट व्हायचे. "आलं, आलं... गेलं! मेल्या, हात काढू नकोस!" एवढेच संवाद मला पाठ आहेत. तरी विषय निघाला की रामानंद सागरांची आणि माझी कामगिरी मी एका दमात सांगतो. ही म्हणते, "अँटेनाला टॉवेल बांधला असता तरी भागलं असतं." मी तिच्याकडे दुर्लक्ष करतो. थोरांना घरात कोण विचारतं?

पुढे २४ नोव्हेंबर २००८ला 'स्टार प्रवाह' सुरू झाली, 'राजा शिवछत्रपती' आली आणि माझी छाती आणखी फुगली. मालिका उभी राहिली होती नितीन देसाईंच्या स्टुडिओत, म्हणजे आमच्याच तालुक्यात! मी नातेवाइकांना फोन करकरून सांगितलं. प्रत्येकाचं उत्तर एकच : "हो, कर्जतला ना?"

इथे मला जरा सविस्तर बोलू द्या. एन. डी. स्टुडिओ चौक-कर्जत रस्त्यावर आहे, पण हातनोलीत, आणि हातनोली खालापूर तालुक्यात. रस्ता कर्जतला जातो म्हणून स्टुडिओही जातो की काय? कर्जतला काय कमी आहे? रेल्वे स्टेशन त्यांचं, बटाटेवडा त्यांचा, माथेरानसुद्धा त्यांच्याच तालुक्यात. आमच्या खोपोलीच्या वीजघरानं १९१५पासून मुंबईला वीज पुरवली, पण श्रेयनामावलीत आम्ही कुठेच नाही. इमॅजिका आमच्याकडे, तर पाहुणे म्हणतात, "लोणावळ्याजवळ." खालापूर हे नाव लोकांच्या तोंडी येतं ते द्रुतगती महामार्गावरच्या टोलनाक्याला, तेही पैसे मोजताना. राहता राहिला इर्शाळगड. तो मात्र नक्की आमचा. मामाकडचं चित्र अडवण्यात तेवढाच आमच्या तालुक्याचा वाटा, म्हणून मी त्याच्यावरही खूश असे.

मग १९ जुलै २०२३ची रात्र आली. इर्शाळगडाचा उतार खाली आला आणि त्याखाली इर्शाळवाडी गेली. सकाळी प्रत्येक वाहिनीवर अचूक लिहिलं होतं : तालुका खालापूर, जिल्हा रायगड. इतकी वर्षं ज्या अक्षरांसाठी भांडलो, ती पडद्याच्या तळाशी दिवसभर सरकत होती. मी टीव्ही बंद केला. दाखवणाऱ्यांचा राग नव्हता, पण ज्या ठाकरवाडीकडे कॅमेरे कधी फिरकले नव्हते, ती एकदम देशभर दिसली, तेव्हा दिसायला वाडीच उरली नव्हती. त्याच पंधरवड्यात, २ ऑगस्टला, नितीन देसाई त्यांच्या स्टुडिओतच गेले. बातम्यांत पुन्हा 'कर्जत'. तालुका दुरुस्त करावा असं त्या दिवशी मनातही आलं नाही.

अजूनही नवी मालिका सुरू झाली आणि कुणी सेट कर्जतचा म्हटलं की ही हळूच विचारते, "ओरडायचं नाही का?" ओरडतो ना, सवयच आहे. पण घरातल्या घरात. खालापूरचं नाव टोलनाक्यापुरतंच ऐकू येतंय, तोवर तालुका सुखात आहे असं समजायला मी शिकलोय.