राजा कशाला हवा? – नवशिक्यांसाठी सुलभ मार्गदर्शिका

ब्रिटनमध्ये पावसाबद्दल वाटेल ते बोलता येतं. राजाबद्दल बोलायचं तर थोडी तयारी लागते. ‘या काळात हे राजघराणं नेमकं कशासाठी?’ हा प्रश्न सभ्यपणे आणि शक्यतो अटक न होता कसा विचारावा, हे पुढे क्रमाने दिलं आहे.

साहित्य : एक प्रश्न, थोडा इतिहास, जुजबी गणित, भरपूर चिकाटी. फलक ऐच्छिक.

पायरी १ : मुहूर्त काढा

राजघराण्यात लग्न असेल तर विचारू नये, आनंदावर विरजण पडतं. बाळ झालं असेल तर नको. कुणी आजारी असेल तर मुळीच नको. कुणी गेलं असेल तर सुतक. उरलेल्या दिवसांत लोक म्हणतात, ‘आत्ताच कुठून काढलात हा विषय?’

मुहूर्त चुकला की काय होतं, याचे दाखले ताजे आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये ऑक्सफर्डला नवे राजे चार्ल्स यांच्या नावाने द्वाही फिरवली जात होती. गर्दीतल्या एकाने विचारलं, ‘यांना निवडलं कुणी?’ त्याला हातकड्या पडल्या. पुढे खटला मागे घेतला गेला. ६ मे २०२३ ला, राज्याभिषेकाच्या सकाळी, ‘रिपब्लिक’ या संघटनेचे प्रमुख ग्रॅहम स्मिथ यांना निदर्शनं सुरू होण्याआधीच उचललं. त्यांच्या सामानात फलक बांधायचे पट्टे होते. हे लोक त्या पट्ट्यांनी स्वतःला कुठेतरी जखडून घेतील, असा पोलिसांना संशय आला. ज्या कायद्याचा आधार घेतला, तो लागू होऊन आठवडाही झाला नव्हता. नंतर पोलिसांनी खेद व्यक्त केला.

सूचना : फलक हातातच धरावा.

पायरी २ : कायदा वाचा, पण घाबरू नका

१८४८ च्या एका कायद्यानुसार राजेशाही घालवण्याची मागणी छापून करणाऱ्याला जन्मठेप होऊ शकते. ‘गार्डियन’ वृत्तपत्राने याला आव्हान दिलं. २००३ मध्ये हे प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांपुढे आलं. त्यांचं म्हणणं असं, की यावरून आज कुणावर खटला भरला जाणार नाही, मग न्यायालयाचा वेळ कशाला घेता? थोडक्यात, कायदा आहे, पण नसल्यासारखा. हे वाक्य पाठ करून ठेवा. पाचव्या पायरीवर लागेल.

पायरी ३ : खर्चात अडकू नका

नवशिके इथेच घसरतात. २०२५-२६ साठी राजाचं सरकारी अनुदान १३.२१ कोटी पौंड, आधी ते ८.६३ कोटी होतं. आकडा फेकलात की समोरून उत्तर येतं : ‘अहो, क्राउन इस्टेटचा, म्हणजे राजाच्या नावावरच्या मालमत्तेचा, नफा शंभर कोटी पौंडांच्या वर गेला आहे, तो राजा सरकारला देतो!’

इथे शांतपणे १७६० साल काढा. तिसऱ्या जॉर्जने त्या वर्षी हे उत्पन्न सरकारच्या हवाली केलं आणि बदल्यात ठरावीक नेमणूक घेतली. शिवाय अलीकडच्या नफ्यातला मोठा वाटा समुद्रात पवनचक्क्या उभारणाऱ्या कंपन्यांकडून येतो. समुद्राचा तळ क्राउन इस्टेटकडे असला, तरी तो कुणाच्या आजोबांनी विकत घेतलेला नाही. राजा गेला तरी तो तिथेच राहील.

एवढं बोलून विषय सोडा. राजा फुकट मिळाला तरी मूळ प्रश्न सुटत नाही.

पायरी ४ : पर्यटनाला दोन वाक्यं द्या

‘पर्यटक राजासाठी येतात’ असं कुणी म्हणालं, तर फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्याचं नाव घ्या. तिथून राजा १७८९ मध्ये गेला, रांग अजून आहे. बकिंगहॅम राजवाड्याची दालनंही मुख्यतः उन्हाळ्यात, राजा गावी नसताना, तिकीट लावून उघडतात. मुंबईकरांना घरचाच दाखला आहे. पंचम जॉर्ज १९११ मध्ये अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा स्वागताला पुठ्ठ्याची कमान होती. खरं गेटवे ऑफ इंडिया १९२४ मध्ये पुरं झालं, आणि तिथली गर्दी कुठल्याही राजावाचून अडलेली नाही.

पायरी ५ : आता खरा प्रश्न

समोरचा शेवटचा हुकमी पत्ता टाकेल : ‘राजाला अधिकारच कुठे आहेत? तो नुसता शोभेचा.’ बरोबर आहे. संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाला राजमान्यता नाकारण्याचा शेवटचा प्रसंग १७०८ चा, राणी ॲनच्या काळातला. लेखक वॉल्टर बॅजट यांनी १८६७ मध्येच ब्रिटिश राज्यघटनेचे दोन भाग पाडले होते : मानमरातबाचा आणि कामाचा. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे.

तर मग विचारा, खायचे दात कुणाच्या तोंडात आहेत?

२०१९ मध्ये तत्कालीन पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी तेव्हाच्या राणीला संसद पाच आठवडे तहकूब करायला सांगितलं. राणीने केली. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने ते बेकायदा ठरवलं. राणीला नाही म्हणण्याची सोय नव्हती, संसदेला कुणी विचारलं नव्हतं. २०२२ मध्ये संसद विसर्जित करण्याचा अधिकार कायद्याने पुन्हा राजाच्या नावे झाला, आणि त्यावर न्यायालयात दाद मागता येणार नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलं गेलं. युद्ध आणि तह यांचे अधिकारही राजाच्याच नावाने चालतात. शिक्का राजाचा, ठेवलेला पंतप्रधानांच्या खणात.

म्हणजे राजाचे अधिकार आहेत, पण नसल्यासारखे. ते ज्याच्या हाती आहेत, त्याला मात्र ते पुरेपूर असल्यासारखे.

पायरी ६ : ‘मग काय, राष्ट्राध्यक्ष आणायचा?’

आयर्लंडकडे बोट दाखवा. तिथे राष्ट्राध्यक्ष लोक निवडतात, मुदत संपली की तो घरी जातो. आणि कुत्र्यांची काळजी नको : तिथले माजी राष्ट्राध्यक्ष मायकेल हिगिन्स यांची भलीमोठी कुत्री राणीच्या कॉर्गींइतकीच लाडकी होती.

स्वाध्याय

राजा स्वतः वापरत नाही, ते अधिकार कोण वापरतं? एका शब्दात उत्तर द्या. ‘राजा’ लिहिल्यास शून्य गुण. ‘कुणीच नाही’ लिहिल्यास पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात. ‘पंतप्रधान’ लिहिल्यास पूर्ण गुण, आणि असा राजा पंतप्रधानाला किती सोयीचा असतो, यावर अर्ध्या पानाचा निबंध.