किती आहे?

तुमच्या सोसायटीतही एक असणारच. आमच्याकडचे तळमजल्यावर राहतात. सगळे त्यांना बॅटरीकाका म्हणतात आणि हे त्यांना ठाऊक आहे. आपण माणूस भेटला की "काय, बरंय ना?" म्हणतो. काका आधी आपल्या हातातल्या फोनकडे बघतात आणि विचारतात, "किती आहे?"

मेव्हण्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालली होती. एका हातात अक्षता, दुसऱ्या हातानं शूटिंग. शेवटचं 'सावधान' झालं, वाजंत्री सुरू झाली आणि कानाशी आवाज आला, "किती आहे?"

"चौतीस."

"मग ब्राइटनेस कमी कर. सगळ्यात जास्त खातो तो पडदाच. नवरी काय, समोर दिसतेच आहे."

माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा शहाळं घेऊन पहिले तेच आले. उशाशी बसत विचारलं, "किती आहे?" मला वाटलं, ताप. म्हणालो, "शंभर." काकांचा चेहरा पडला. "रात्रभर लावून ठेवला होतास ना?"

शंभर हा शब्द त्यांच्यापुढे काढायचा नाही. ऐंशीला वायर काढायची, विसाच्या खाली जाऊ द्यायचं नाही. "लिथियमची बॅटरी म्हणजे पंगतीतलं पोट रे. ऐंशीपर्यंत खुशीत जेवतं. पुढे आग्रह केलास की तडस लागते. आणि तशा तडस लागलेल्या बॅटरीला रात्रभर उशीखाली उबवलंस, की आयुष्य घटलंच." मी आपलं ऐकीव ज्ञान पाजळलं, की बॅटरी पार संपवावी आणि मगच पूर्ण भरावी. "ते निकेल-कॅडमियमच्या काळातलं सोवळं," काका म्हणाले. "ती बॅटरी गेली, तुम्ही लोक अजून पाळताय."

चिडचिड याची होते, की माणूस बहुतेक वेळा बरोबर असतो. मी दर दहा मिनिटांनी सगळी ॲप बोटानं उडवून लावतो. त्यावर ते म्हणतात, झोपलेल्या पाहुण्याला हाकलून पुन्हा बोलवायचं, पुन्हा पाणी द्यायचं, यात बचत कसली? कसाऱ्याचा घाट लागला की त्यांचा फोन विमान मोडवर, कारण रेंज नसली की फोन टॉवरला हाका मारून मारून दमतो. 2019 साली रसायनशास्त्राचं नोबेल लिथियम-आयन बॅटरीवाल्या तिघांना मिळालं, तेव्हा काकांनी जिन्यात पेढे वाटले. त्यातले गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे. "ऐंशी केव्हाच ओलांडलीय," काका पेढा पुढे करत म्हणाले, "पण बघ, तब्येत अजून टिकून आहे!"

फसले ते एकदाच. दोन वर्षं फोनला काळाकुट्ट वॉलपेपर लावला होता. मग कळलं, ही बचत ओएलईडी पडद्यावर होते. आपला एलसीडी, त्याचा मागचा दिवा काळ्यालाही तेवढाच जळतो. तीन दिवस काका खाली दिसले नाहीत. चौथ्या दिवशी गणपतीचा वॉलपेपर आला.

नोकरी वीज मंडळात, सबस्टेशनवर. भारनियमनाच्या वर्षांत त्यांनी गावंच्या गावं वेळापत्रकाप्रमाणे अंधारात घातली. निवृत्तीनंतर हाताखाली एवढा एकच ग्राहक उरला, खिशातला. सकाळी लोकेशन बंद, दुपारी इंटरनेट बंद, दोन ते चार सगळंच बंद. टँकर आला की सेक्रेटरीला खाली जाऊन दार बडवावं लागतं.

"काका, फोन बंद का ठेवता?"

"बंद कुठाय? एकोणऐंशी आहे!"

एकोणऐंशी आहे हे खरंच. पण कोणासाठी? माझ्या आजीची एक पैठणी अशीच ट्रंकेत होती. शेवटी घडीवर विरली.

त्याच घरात काकूंचा फोन नेहमी मरणपंथाला. कधी पाच, कधी तीन. ब्राइटनेस वैशाखाचा, पर्समध्ये टॉर्च जळत राहिलेला. चार्जरला लावूनच बहिणीशी तासभर बोलायचं. चार्जिंगला असताना बोललं की फोन तापतो, आणि ताप म्हणजे बॅटरीचा काळ, हा तर काकांचा मूळ मंत्र. ते काकूंना बोलायचे नाहीत. टेबलफॅन मात्र गुपचूप त्या फोनकडे वळवायचे. पण जगाचे फोन यायचे ते काकूंनाच.

जूनमध्ये काकू लेकीच्या बाळंतपणाला तीन महिन्यांसाठी बंगळूरला गेल्या. एका रात्री मेंटेनन्सची पावती द्यायला मी खाली गेलो. दार उघडंच होतं. टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकवून फोन उभा केलेला, चार्जरची वायर तशीच लावलेली, पडदा लखलखीत. पलीकडे काकू लंगोटांच्या घड्या घालत होत्या. अलीकडे काका खिचडी खात होते. बोलत कोणीच नव्हतं. कॉल सुरू होऊन एक तास बावन्न मिनिटं झाली होती. टेबलफॅन फोनकडे वळवलेला होता आणि काकांच्या बनियनला घाम आला होता.

इतक्या वर्षांची संधी मी कशाला सोडतोय?

"काका, किती आहे?"

"बघितलं नाही," काका म्हणाले. मान वर केली नाही.

"अहो, माझी नऊवर आलीय," पलीकडून काकू म्हणाल्या. "ठेवू का?"

"चार्जरला लाव," काका घाईघाईनं म्हणाले, "आणि ठेवू नकोस."