परवडणारा कंटाळा

जुलै लागला की बारामती-इंदापूर पट्ट्यात दोन लागणी एकदमच सुरू होतात. एक अडसाली उसाची, दुसरी इंजिनिअरिंगच्या पोरांची. उसाला विचारतात, ८६०३२ लावताय की २६५? पोराला विचारतात, कॉम्प्युटर टाकलंय की मेकॅनिकल? ऊस सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो, पोरगं चार वर्षांनी बाहेर पडतं, आणि तेव्हा बाजार कसा असेल हे लावणाऱ्याला दोन्हीकडे ठाऊक नसतं. तरी उसाला एफआरपी आहे.

या दिवसांत पेन्सिल चौकातल्या एखाद्या टपरीवर चहा घेत उभं राहावं. शाखानिवडीचं सगळं शास्त्र फुकटात कळतं. ‘सिव्हिलला मरण नाही’ असं सांगणारे गृहस्थ विम्याचे एजंट निघतात. ‘मेकॅनिकल म्हणजे शाखांचा राजा’ म्हणणारे काका नुकतेच व्हीआरएस घेऊन घरी बसलेले असतात. आणि ‘एआय घ्या, डोळे झाकून घ्या’ असा ज्यांचा आग्रह, त्यांना मोबाइलवरची अक्षरं नातू मोठी करून देतो. पोरगं बिचारं सगळ्यांना मान डोलावत पसंतिक्रमाचा फॉर्म भरतं. पहिल्याच राउंडला पहिल्या पसंतीचं लागलं तर सीट ‘ऑटो फ्रीज’ होते. जे मागितलं ते मिळालं की मागे फिरायची सोय नाही. सीईटी सेलमधल्या कुणाला तरी आयुष्याचा चांगला अनुभव असावा.

पण मला खरी गंमत वाटते ती पुढच्या निवडीची, जिच्याबद्दल टपरीवर कुणी चकार शब्द काढत नाही. शाखा ठरलेली असते. एम-वन, एम-टू सुटलेलं असतं, वर्कशॉपमध्ये घासून घासून लोखंडाचा तो तुकडा एकदाचा काटकोनात आलेला असतो. पोरगं जरा श्वास घेतंय तोच कॉलेज विचारतं, मेकॅनिकल ठीक आहे, पण मेकॅनिकलमधलं नेमकं काय? थर्मल, डिझाइन की मॅन्युफॅक्चरिंग? इलेक्टिव्ह कोणता? ऑनर्स करणार की मायनर? म्हणजे पदवीच्या क्रेडिटांवर आणखी अठरा-वीस क्रेडिट, स्वखुशीनं. यादीत रोबोटिक्स, इलेक्ट्रिक व्हेइकल, डेटा सायन्स अशी नावं असतात. त्यांच्याकडे बघितलं की थर्मल हा विषय धोतर नेसून रांगेत उभा राहिल्यासारखा वाटतो.

माझा भाचा निमगाव केतकीचा. एमआयडीसीत मेंटेनन्सला माझा जन्म गेला, त्यामुळे घरातल्या तांत्रिक अडचणी माझ्याकडे येतात, मिक्सरपासून करिअरपर्यंत. तो आला तोच म्हणाला, “मामा, इलेक्टिव्ह काय घेऊ तेवढं सांगा. उद्या शेवटची तारीख आहे.”

“वर्गातली पोरं काय घेतायत?”

त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. निम्मी पोरं ‘स्कोअरिंग’ काय ते बघतायत. काही जण इंटर्नलला कोणत्या सरांचा हात सैल आहे ते बघतायत. एका गटानं मागच्या बॅचच्या नोट्स कशाच्या मिळाल्या यावरून ठरवलंय, आणि दोघं तिघं एका मुलीनं काय घेतलं हे कळायची वाट बघत थांबलेत. मला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. थोरामोठ्यांच्या निवडीही बऱ्याचदा अशाच झालेल्या असतात, फक्त चरित्रात त्या वेगळ्या लिहितात.

एके काळी हा प्रश्नच नव्हता. १८५४ साली पुण्यात सरकारनं इंजिनिअरिंगचा वर्ग काढला तेव्हा इंजिनिअरिंग म्हणजे रस्ते, पूल, इमारती, कालवे. संपलं. त्याच पुण्याच्या कॉलेजातून विश्वेश्वरय्या १८८३ साली एलसीई झाले, तेही सिव्हिलच. पुढे त्यांनी धरणाची स्वयंचलित दारं केली, कालव्याचं पाणी पाळीनं द्यायची पद्धत बसवली, म्हैसूरचं दिवाणपद सांभाळलं. यातलं कोणतं काम कोणत्या इलेक्टिव्हखाली येतं हे कुठलंच विद्यापीठ सांगू शकणार नाही. ते परीक्षेला बसले त्याच्या दोनच वर्षांनी, १८८५ला, नीरा डावा कालवा वाहू लागला, आणि आमच्या या कोरड्या मुलखात उसाचा संसार सुरू झाला. भाच्याच्या फीचे पैसे त्याच पाण्यावर आलेत. हे मी त्याला सांगितलं. “हो मामा,” तो म्हणाला आणि घड्याळ बघितलं.

मग त्याला गाडीवर मागे बसवलं आणि एमआयडीसीतून फेरी मारली. आत काय कुणी सोडत नाही, गेटावरूनच.

आधी नळ्यांचा कारखाना. पूर्वीची आयएसएमटी, आता किर्लोस्कर फेरसच्या घरात. जोड नसलेली नळी कशी करतात हे मी त्याला गेटासमोर उभं राहून हातवारे करत सांगितलं. भरीव पोलादी दांडा लालभडक तापवायचा आणि तिरक्या बसवलेल्या रोलांमध्ये गरागरा फिरवत पुढे ढकलायचा. दाब असा पडतो की दांड्याच्या पोटातच फट धरायला लागते, आणि समोर रोवलेल्या टोकदार प्लगवर तो आपणहून चढत जातो. जर्मनीतल्या मानेसमान बंधूंची १८८०च्या दशकातली युक्ती. आता बाळा, हा विषय कुठला? दांडा भट्टीत असतो तोवर थर्मल. पोटात फट पडते ते मटेरियल. रोलचा कोन बसवणं डिझाइन. आणि नळी वाकडी निघाली की चौघंही एकमेकांकडे बोट दाखवतात, ते मॅन्युफॅक्चरिंग.

पुढे दुधाचा कारखाना, श्रायबर डायनामिक्स. पाश्चरायझेशनची यंत्रणा कुठल्याही डेअरीत साधारण एकच. थंडगार कच्चं दूध एका बाजूनं येतं, बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद राहून आलेलं दूध दुसऱ्या बाजूनं जातं, आणि दोघांच्या मध्ये स्टीलचा पातळ पत्रा. जाणारं दूध येणाऱ्याला ऊब देतं आणि देता देता स्वतः निवतं. परीक्षेत यालाच एलएमटीडीचं गणित म्हणतात आणि पोरं त्यात केटी लावून घेतात. त्याच पत्र्यांमधलं गॅस्केट रात्री दोनला फाटलं की ज्याला फोन जातो तो माणूस कोणत्या ऑनर्सचा आहे हे कुणी विचारत नाही. किती वेळात पोचतो, एवढंच विचारतात. तिथून थोडं पुढं फेरेरो, किंडर जॉयवाले. चॉकलेट दोन अंशांनी इकडे तिकडे झालं की चकाकी जाते, आणि बाहेर बारामतीचा एप्रिल! एवढं म्हटल्यावर भाचा पहिल्यांदा हसला.

पियाजिओच्या भिंतीपाशी मात्र मी जरा जास्तच रेंगाळलो, कारण तिथली गोष्ट माझ्या आवडीची आहे. कोराडिनो दास्कानियो नावाचा इटालियन इंजिनिअर होता. त्याचा जीव हेलिकॉप्टरमध्ये. १९३० साली त्याच्या हेलिकॉप्टरनं जागतिक विक्रम केले होते. महायुद्ध संपलं, इटलीत विमानांचा धंदा बसला, आणि पियाजिओच्या मालकानं त्याला लोकांना परवडेल अशी दुचाकी करायला सांगितली. गंमत म्हणजे या माणसाला मोटारसायकली मुळीच आवडत नसत. चेनचं तेल कपड्यांना लागतं, चाक पंक्चर झालं तर काढता काढता दमछाक, बसायचं तर टांग टाकावी लागते. म्हणून त्यानं चेनच काढून टाकली, इंजिन मागच्या चाकाला भिडवलं, आणि पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलं. १९४६ला वेस्पा आली, दोन वर्षांनी तिला मागे दोन चाकं लावून आपे. इंदापूरच्या बाजारातून डाळिंबाचे क्रेट घेऊन ठेचकाळत जाणाऱ्या आपेच्या मुळाशी एका विमानवाल्याचा मोटारसायकलींवरचा राग आहे, हे त्या आपेला बघून खरं वाटत नाही. वेस्पा २०१२पासून इथंच बारामतीत बनते. साठच्या दशकात हीच वेस्पा परवान्यावर बजाजांनी बनवली होती, आणि इथल्या विद्या प्रतिष्ठानच्या इंजिनिअरिंग कॉलेजला आज कमलनयन बजाजांचं नाव आहे. एका तालुक्यात इतके योगायोग म्हणजे जरा जास्तच झालं.

“पण मामा, आता आपेसुद्धा इलेक्ट्रिक आलीय,” भाचा म्हणाला. “मग आयसी इंजिन शिकून काय करायचं? ईव्हीच घ्यावं ना?”

मुद्दा बिनतोड होता. मी म्हटलं, घे की. इंजिन गेलं. पण चासी राहिली, ब्रेक राहिले, सस्पेन्शन राहिलं, आणि आपल्याकडचे खड्डे तर अभ्यासक्रम बदलला म्हणून कुठे जात नाहीत. पूर्वी इंजिन तापायचं, आता बॅटरी तापते. तिला निववायची म्हणजे पुन्हा धोतरवाला थर्मलच दारात.

वालचंदनगरला काही त्याला नेलं नाही, उशीर झाला होता. पण त्याच्या रोजच्या वाटेपासून ते फार लांब नाही. बारामती-इंदापूर रस्त्यावर जंक्शन नावाचं गाव लागतं, तिथून आत वळायचं. वालचंद हिराचंद स्वतः इंजिनिअर नव्हते. १९३०च्या दशकात त्यांनी तिथे साखर कारखाना उभा केला. कारखाना म्हटला की मोडतोड आली, मोडतोडीला वर्कशॉप आलं. वर्कशॉप दुरुस्ती करता करता साखर कारखान्यांची यंत्रं बनवायला लागलं, मग सिमेंटची, मग अणुभट्टीचे भाग, मग इस्रोच्या रॉकेटची कवचं. १४ जुलै २०२३ला चंद्रयान-३ घेऊन जे रॉकेट उडालं, त्याच्या दोन बाजूंच्या, ३.२ मीटर व्यासाच्या घन इंधनाच्या बूस्टरांच्या कवचाचे भाग या गावात घडलेत. तीन बाजूंना ऊस, मध्ये मॅरेजिंग स्टीलचं वेल्डिंग. या गावाला कुणी तिसऱ्या वर्षी विचारलं असतं, तुझं स्पेशलायझेशन काय, तर त्यानं ‘गाळप’ असं लिहून दिलं असतं आणि सीट फ्रीज झाली असती.

घरी येऊन चहा झाला. भाचा म्हणाला, “म्हणजे काहीही घेतलं तरी चालतं, असंच ना?”

तसंही नाही. मेंटेनन्समध्ये राहून माझं एक मत झालंय, ते मी त्याला सांगितलं. सगळे म्हणतात आवड बघ. विसाव्या वर्षी आवड कसली? ती रीलमधल्या उड्या मारणाऱ्या रोबोटची असते. त्या रोबोटमागे बसून एकच सेन्सर आठवडाभर का बोलत नाही हे शोधणारा इंजिनिअर रीलमध्ये येत नाही. आवडीचं काही सांगता येत नाही, पण आपल्याला कंटाळा कशाचा येतो आणि कशाचा सोसतो, हे विसाव्या वर्षी चांगलं कळतं. आणि प्रत्येक विषयाचा आपापला कंटाळा असतो. डिझाइनवाला एका ब्रॅकेटच्या ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहीत बसतो, आणि सुधारणा होऊन होऊन ब्रॅकेटच्या नावापुढे एच, जे, के अशी अक्षरं चढत जातात. थर्मलवाला कॉम्प्युटरवर मेश लावतो, रात्रभर चालवतो, सकाळी बघतो तर उत्तर भलतंच, कारण एका जागी मिलिमीटरऐवजी मीटर. प्रॉडक्शनवाल्याचा दिवस रिजेक्शनच्या रिपोर्टानं उगवतो आणि उद्याच्या प्लॅनिंगनं मावळतो, मधल्या वेळात चार माणसं रजेवर असतात. डेटावाला तर डेटा धूतच बसतो. पाहुण्यांना सांगतो एआय करतो, करतो मात्र एक्सेलमधल्या रिकाम्या चौकटी भरायचं काम. यातला जो कंटाळा तुला झोप न येता सोसतो, तो तुझा विषय. बाकी पगार-बिगार कंपनी बघून घेईल, किंवा नाही बघणार.

भाषण बरं झालं असावं. तो बराच वेळ गप्प होता. मग निघाला.

दोन दिवसांनी कळलं, त्यानं रेफ्रिजरेशन घेतलं. मी फोन करून कारण विचारलं. माझ्या कंटाळ्याच्या सिद्धांताचा कुठेतरी उल्लेख होईल अशी थोडी आशा होती.

“त्याचा तास अकराला असतो, मामा. निमगावातनं सकाळची एसटी चुकली तरी पुढचीनं पोचतो. आणि ते सर कॉम्प्रेसर उघडून दाखवतात म्हणे.”

मागून ताईनं फोन घेतला. “रेफ्रिजरेशन म्हणजे फ्रिजच ना रे?”

“फ्रिज, एसी, कोल्ड स्टोरेज, सगळंच आलं त्यात.”

“आपला फ्रिज महिन्याभरापासून खालनं पाणी सोडतोय. बघंल का हा?”

“अजून शिकायचाय तो, ताई. एक-दोन सेमिस्टर जाऊ दे.”

“मग रविवारी तूच येऊन जा,” ताई म्हणाली. “आणि येताना मिक्सरचं ते पातं पण घेऊन ये.”