पहारनाना

पुण्यात मंडईच्या आसपास कुठं जड वस्तू हलायची असली, की पहारनानांना आधी वास लागतो. शुक्रवार पेठेतल्या एखाद्या वाड्यातून पिठाची गिरणी निघते आहे, चार जण कंबर कसून वाकले आहेत, आणि नेमका मागून आवाज येतो, "उचलू नका!" तुमच्या गावात त्यांचं नाव वेगळं असेल. आवाज हाच.

नाना खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या जिन्याखाली पाच फुटी पहार, लाकडाचे गुटके आणि दीड इंची पाइपचे चार सारखे तुकडे असतात. या तुकड्यांना पाइप म्हटलेलं त्यांना चालत नाही, ते रोलर. स्टंपांसाठी ते मागायला गेलेली पोरं घर्षणावरचं व्याख्यान ऐकून, चेंडू तिथंच विसरून परत आली.

"जड वस्तू उचलायची नसते," नाना म्हणतात. "तिला वाटलं पाहिजे, आपण आपल्या मर्जीनं चाललोय."

एवढ्यावर थांबते तर त्यांना कोण हसलं असतं? पण तांदळाचा कट्टा, गॅसची टाकी, गणपतीतला स्पीकर, सगळ्याला एकच फतवा. भाचीच्या लग्नात मामानं नवरीला बोहल्यावर न्यायला उचललं, तर हे अक्षता हातात धरून शेजाऱ्याच्या कानात, "पाट सरकवता आला असता." मंडईची इमारत १८८६ सालची, रे मार्केट म्हणून बांधलेली. तिच्याकडे बोट दाखवून कुणी तरी विचारलं, "मग नाना, हे दगड वर कसे गेले? उचललेच ना?" "उतार करून सरकवले," नाना म्हणाले, मुकादम म्हणून स्वतः हजर असल्यासारखे.

त्यांच्या तावडीतून टिळकही सुटलेले नाहीत. 'केसरी'चा पहिला अंक निघाला ४ जानेवारी १८८१ ला. त्याआधी छापखाना मोरोबादादांच्या वाड्यात हलवताना टिळक आणि त्यांच्या मित्रांनी टाइपाच्या पेट्या स्वतःच्या खांद्यावरून वाहिल्या, ही हकिकत पुण्यात सगळे अभिमानानं सांगतात. नाना हळहळतात. "बुधवारातला सपाट रस्ता! आणि माणूस गणितातला!"

उलट मेट्रोवर ते खूश. मंडईच्या पोटातून बोगदा खणणारं यंत्र मागं बसवलेल्या काँक्रीटच्या कड्यांना जॅक टेकवून स्वतःला पुढं रेटत जातं, हे कळल्यापासून प्रत्येकाला अडवून विचारायचे, "शेकडो टन. उचललं का कुणी?"

आमच्या बोळातला छापखाना बंद पडला आणि वाडा बिल्डरकडे गेला, तेव्हाची गोष्ट. लग्नपत्रिका छापून थकलेलं जुनं ट्रेडल, बिडाचं धूड, भंगारात निघालं. भंगारवाल्याची पोरं घण घेऊनच आली होती. "फोडून नेतो ना काका. वजन तेवढंच भरतंय."

"धड आलंय," नाना म्हणाले, "धडच जाईल."

मग पुढचा सगळा वेळ बोळ बंद. टेकू तीन इंचांवर घेऊन नाना पहारीच्या टोकाला लोंबकळले. कागदावर हिशेब केला तर एकोणीस नाना लोंबकळल्याइतका जोर. तेवढ्यानं कोपरा बोटभर सुटला, गुटका आत गेला, मग दुसरा कोपरा. खाली रोलर. मशीन दोन फूट पुढं गेलं की खालचा रोलर एकच फूट येतो, म्हणून तो मागं पडत जातो आणि मोकळा झाला की उचलून पुढं घालावा लागतो. (हे उचलणं नानांच्या लेखी उचलणं नव्हे.) रोलर धरायचा तळवा वरून ठेवून, पाइपच्या तोंडात अंगठा घातलास तर तो तिथंच राहील, असं त्यांनी पोरांना इतक्या प्रेमानं सांगितलं की एकानं अंगठा मुठीत लपवला. वळणावर पुढच्या रोलरला हातोडीची एक टिचकी, तो तिरका झाला आणि अर्ध्या टनाचं धूड निमूटपणे बोळात वळलं. ते बघताना टाळी वाजवावीशी वाटली, हे नानांना सांगायची सोय नाही.

कट्ट्यावर एक म्हातारा हमाल बिडी ओढत बघत होता. "ह्याचा बाप इथंच पोती वाहायचा," तो नानांकडे बघत म्हणाला. "शंभर-शंभर किलोची. पन्नासाच्या वर पोतं नको, म्हणून आमची हमाल पंचायत भांडली, ती पुढं. तवर ह्याच्या बापाचा मणका गेलेला." आणि बिडी विझवून तोही दोर धरायला गेला.

फळ्यांचा उतार लावून ट्रेडल टेंपोत चढलं, अखंड. नाक्यापलीकडे गेल्यावर त्याचे तुकडे होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. नानांनाही. त्यांनी फडक्यानं चाकावरची धूळ पुसली, रोलर गोळा केले, मोजले. तीन भरले. पुन्हा मोजले.

चौथा टेंपोत, मशीनखाली. मशीन फळीला असं घट्ट भिडलेलं की पहार घालायला बोटभर फट नाही. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. नाना टेंपोच्या मागच्या फळक्याला लटकून ओरडत होते, "अरे थांबव! अरे उचला रे, उचला!"

पोरं हसून हसून इतकी गळाली होती, की त्यांच्यानं टेंपोत चढवेना.